संवर्धित व आभासी वास्तवाचे डिझाइन : नवशिक्या अभ्यासकाची पूर्वतयारी

प्रस्तावना :
इव्हान सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर धारण करावयाचे, संगणकाशी जोडलेले दृश्यसाधन सादर केले. आज हे क्षेत्र शिक्षण, वैद्यक व उद्योग यांत पोहोचले आहे. तथापि, महागडे उपकरण हाती असल्याखेरीज त्याचा अभ्यास शक्य नाही, असा समज अनेक विद्यार्थ्यांना या विषयापासून दूर ठेवतो. या समजाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना :
आभासी वास्तवात प्रत्यक्ष परिसर झाकला जाऊन त्याची जागा संगणकनिर्मित परिसर घेतो. संवर्धित वास्तवात प्रत्यक्ष परिसर कायम राहून त्यात संगणकीय वस्तूंची भर पडते. रोनाल्ड अझुमा यांनी १९९७ मध्ये संवर्धित वास्तवाची तीन लक्षणे नोंदविली : प्रत्यक्ष व आभासी यांचा मेळ, तत्क्षणी प्रतिसाद आणि त्रिमितीय अवकाशातील अचूक स्थाननिश्चिती.

शरीराचा विचार :
संकेतस्थळाची मांडणी चुकल्यास वापरकर्ता गोंधळतो. आभासी वास्तवाची चुकल्यास त्यास मळमळ होऊ शकते. डोळ्यांना गती दिसते, परंतु अंतर्कर्णातील तोलयंत्रणा शरीर स्थिर असल्याचे कळविते. या विसंगतीतून त्रास उद्भवतो. म्हणूनच वापरकर्त्याने मान वळविल्याविना दृश्य आपोआप फिरवू नये, हा नवशिक्याचा पहिला धडा होय.

अभ्यासाचा क्रम :
आरंभ कागद, पुठ्ठा व मोजपट्टीने करता येतो. समजा, वर्गातील टेबलावर मानवी हृदयाची संवर्धित प्रतिकृती दाखवावयाची आहे. तिचा आकार किती असावा? मागील बाजू पाहण्यासाठी विद्यार्थ्याने टेबलाभोवती फिरावे की प्रतिकृती फिरवावी? नावे कोठे लिहावीत? पुठ्ठ्याची प्रतिकृती ठेवून सहाध्यायांच्या हालचालींचे निरीक्षण केल्यास यांतील बरीच उत्तरे मिळतात. त्यानंतर ब्लेंडर या विनामूल्य प्रणालीत त्रिमितीय वस्तू घडवावी आणि ए-फ्रेमच्या साहाय्याने ती ब्राउझरमध्ये मांडावी. अंतिम अनुभव मात्र प्रत्यक्ष उपकरणावर तपासणे आवश्यक असते. कारण खोली व आकारमान यांची जाणीव सपाट पडद्यावर पुरेशी होत नाही.

निष्कर्ष :
उपकरणे अल्पावधीत कालबाह्य होतात. गुगलने २०१४ मध्ये आणलेल्या कार्डबोर्ड या पुठ्ठ्याच्या साधनाची विक्री २०२१ मध्ये थांबविली. मानवी दृष्टी, तोल व अंतराची जाण यांचे ज्ञान मात्र टिकून राहते. साधनांची उणीव असलेल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यासही या ज्ञानापासून आरंभ करता येतो.