कर्करोगाच्या उपचारारंभी जोडीदाराची भूमिका : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
कर्करोगाचे निदान एका व्यक्तीचे होते; उपचाराला मात्र पती-पत्नी दोघेही सामोरे जातात. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने परदेशात निधन झाले. पुढच्याच वर्षी दोराबजींचेही निधन झाले. त्यांच्या नावाच्या न्यासाने १९४१ मध्ये परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू केले. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील अनेक रुग्ण आजही तेथे जातात. अशा कुटुंबांतील जोडीदाराने पहिल्या काही आठवड्यांत काय करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

उपचारापूर्वीचा काळ :
ऊतक तपासणी व रोगाची अवस्था ठरविणाऱ्या चाचण्या यांत काही दिवस जातात. हा काळ वाया गेलेला नसून उपचाराची दिशा त्यातूनच ठरते. भेदरलेल्या मनाला डॉक्टरांचे निम्मे बोलणे ध्यानात राहत नाही. म्हणून जोडीदाराने प्रश्न आधी वहीत लिहावेत व उत्तरेही तेथेच टिपावीत. अपत्याची इच्छा असल्यास प्रजननक्षमता जपण्याचे उपाय उपचारापूर्वीच विचारावे लागतात. ‘रुग्णाला काही सांगू नका’ हा आग्रह प्रेमापोटी असला तरी संमती रुग्णाचीच असते. शिवाय लपवाछपवीमुळे रुग्ण आपल्याच घरात एकाकी पडतो.

प्रवास व खर्च :
बदलापूर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटर दूर आहे. गर्दीच्या वेळी हा प्रवास निरोगी माणसालाही थकवितो. लोकलमधील दिव्यांगांच्या राखीव डब्यातून कर्करुग्णांना प्रवास करता येतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचारांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात असणाऱ्या आरोग्यमित्राला शिधापत्रिका व ओळखपत्रासह उपचारापूर्वीच भेटावे.

घरातील दक्षता :
रसायनोपचारानंतर साधारणतः ७ ते १४ दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. या काळात १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक ताप आल्यास ती तातडीची अवस्था समजावी. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहणे जिवावर बेतू शकते. रात्री परळ गाठणे कठीण असल्याने जवळचे कोणते रुग्णालय असा रुग्ण दाखल करून घेते, हे पहिल्या मात्रेपूर्वीच डॉक्टरांना विचारून ठरवावे. घरात तापमापक असावा व उपचाराची कागदपत्रे हाताशी असावीत. बाह्य किरणोपचार घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरातून किरण बाहेर पडत नाहीत; त्याला मुलांपासून दूर ठेवण्याचे कारण नाही.

जोडीदाराची स्वतःची स्थिती :
पती आजारी असता पत्नी शुश्रूषा करते, हे गृहीत धरले जाते. पत्नी आजारी पडल्यास मात्र पुष्कळ घरांत चूल तिच्याकडेच राहते. येथे पतीचा खरा आधार म्हणजे स्वयंपाक व मुलांची शाळा यांची जबाबदारी स्वतः घेणे. कारखान्यात पाळीने काम करणाऱ्याने नातेवाईक व शेजारी यांच्यात वार वाटून द्यावेत. न झोपलेला, न जेवलेला जोडीदार फार काळ आधार देऊ शकत नाही.

समारोप :
‘धीर धर’ एवढे म्हणणे सोपे असते. परंतु वही, तापमापक, वेळेवर गाठलेले रुग्णालय आणि रुग्णाचे बोलणे न तोडता ऐकून घेणे यांतूनच तो धीर प्रत्यक्षात येतो. उपचार दीर्घ असतात. त्यांच्या आरंभीच कामांची अशी वाटणी झाल्यास पुढील वाटचाल दोघांनाही पेलवते.