घटस्फोटासाठी वकील शोधताय? पाटी नको, सनद बघा

ठाणे : मुरबाड-शहापूरकडची मंडळी घटस्फोट किंवा पोटगीच्या केससाठी कल्याण, डोंबिवली, ठाण्यात वकील शोधतात. पण घटस्फोटाची वेगळी सनद नसते. कायद्याची पदवी घेऊन महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी केली की सनद मिळते, आणि ती सगळ्या केसेससाठी एकच असते. त्यामुळे ‘घटस्फोट स्पेशालिस्ट’ अशा पाटीला भुलू नका. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत अशी पाटी आणि जाहिरात बसत नाही. ‘पोटगीतले इतके टक्के द्या’ असा सौदाही नियमबाह्य आहे.

मग काय विचाराल? सनद क्रमांक, कौटुंबिक केसेस किती वर्षं चालवल्या, तारखेला स्वतः येणार की ज्युनिअर, एकूण फी किती आणि पावती मिळेल का. वकीलपत्र वाचल्याशिवाय सही करू नका.

पैसे नाहीत म्हणून अडू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने महिलांना, उत्पन्न कितीही असलं तरी, सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा ठाण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. हेल्पलाइन : १५१००.