बसऱ्याचं पाणी

मराठी घरांत बसरा हे नाव भूगोलाच्या पुस्तकातून आलं नाही, दागिन्यांच्या डब्यातून आलं. नथीतले, कुड्यांतले, तन्मणीतले मोती ‘बसऱ्याचे’ असत आणि ते सांगताना आजीचा आवाज किंचित चढत असे. सराफ मोती उजेडात धरून त्याचं पाणी पाहायचा. पाणी चांगलं, तर मोती खरा.

गंमत अशी की बसऱ्यात मोती निघतच नसत. ते निघत आखातात, बहारीन-कुवेतच्या बाजूच्या उथळ समुद्रात. बसरा हे व्यापाराचं बंदर. तिथून मोती मुंबईच्या बाजारात येत आणि बंदराचं नाव मालाला चिकटे. १९३० च्या सुमारास जपानने कल्चर्ड मोती स्वस्त केले आणि तो धंदा बसला. माल दुसऱ्याचा आणि नाव बसऱ्याचं, असे ते दिवस होते. पुढे फासे उलटे पडले. माल बसऱ्याचा झाला आणि पैसा भलतीकडे जाऊ लागला. या शहराची सगळी कहाणी त्या उलटापालटीत आहे.

इराकच्या दक्षिण टोकाला अल-कुर्ना गावाजवळ टायग्रिस आणि युफ्रेटिस एकमेकींना भेटतात. त्यांची जी एक नदी होते, ती शत अल-अरब. सुमारे दोनशे किलोमीटर वाहून ती आखाताला मिळते. बसरा या नदीच्या काठी आहे. भरती आली की समुद्र खालून रेटा देई, नदीचं गोडं पाणी तुंबून कालव्यांत चढे आणि खजुराच्या बागांत पसरे. ओहोटीला ते परत जाई. दिवसातून दोनदा बागा आपोआप शिंपल्या जात. मोट नको, रहाट नको. या कालव्यांमुळे बसऱ्याला ‘पूर्वेचं व्हेनिस’ म्हणत. बऱ्ही हा मधुर पिवळा खजूर मूळचा इथलाच. आपल्याकडे कच्छमध्ये आता त्याच्या बागा उभ्या आहेत.

शहराची सुरुवात इ. स. ६३६ च्या सुमाराला, खलिफा उमर यांच्या काळात, लष्करी छावणी म्हणून झाली. जुनं गाव आजच्या शहरापासून थोडं दूर, झुबैरच्या बाजूला होतं. छावणीचं शहर झालं आणि शहराचं विद्यापीठच झालं म्हणा ना! अरबीचा पहिला मोठा शब्दकोश रचणारे खलील इब्न अहमद बसऱ्याचेच. बाजारातून जाताना तांबटांच्या हातोड्यांचा ठेका ऐकून त्यांना छंदशास्त्र सुचलं, असं सांगतात. अरबी व्याकरणाचा पाया घालणारे सिबवैह इथेच शिकले. प्राण्यांवर प्रचंड ग्रंथ लिहिणारे अल-जाहिझ, प्रकाशशास्त्राचे पंडित इब्न अल-हैथम, सूफी संत राबिया ही सगळी माणसं बसऱ्याची. अरेबियन नाइट्समधला सिंदबाद जहाजात बसतो तोही बसऱ्याच्या वाटेनेच.

मुंबईशी तर या गावाचा घरोबा होता. आखातातली गलबतं बांधायला मलबारचा साग जाई. बसऱ्याच्या जुन्या घरांना रस्त्यावर झुकलेले, जाळीचे लाकडी सज्जे असत. त्यांना ‘शनाशील’ म्हणतात, आणि त्यांचं लाकूडही बरंचसं हिंदुस्थानातून येई. उलट दिशेने मुंबईला अरबी घोडे येत. शहराच्या अशार भागातल्या एका बाजाराचं नावच ‘सूक अल-हुनूद’, म्हणजे हिंदी लोकांचा बाजार.

पहिल्या महायुद्धाने या नात्याला रक्ताचा डाग लागला. नोव्हेंबर १९१४ मध्ये नदीच्या मुखाशी, फाव इथे, मुंबईहून निघालेलं सैन्य उतरलं. ती होती सहावी पूना डिव्हिजन. उतरणाऱ्यांत ११७ वी मराठा पलटण होती. महिना संपायच्या आत बसरा पडलं. पुढे हीच डिव्हिजन कूत इथे वेढ्यात सापडली आणि उपासमारीने हतबल होऊन एप्रिल १९१६ मध्ये शरण गेली. इराणमधल्या तेलाचं रक्षण हे त्या मोहिमेचं एक मोठं कारण होतं. सातारा-रत्नागिरीकडच्या शेतकऱ्यांच्या पोरांना त्या तेलाची काय माहिती असणार!

फौजेमागोमाग रुपयाही गेला. इराकमध्ये आपला रुपया चलन म्हणून चालत होता. १९३२ मध्ये इराकी दिनार आला तेव्हा एका दिनाराला तेरा रुपये पाच आणे चार पै असा हिशेब बसला. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला असा दर वाचून उगीचच आनंद होतो. आणखी एक हिशेब मात्र वाचवत नाही. त्या मोहिमेत मरण पावलेल्या आणि ज्यांची थडगी सापडत नाहीत अशा चाळीस हजारांवर सैनिकांचं स्मारक १९२९ मध्ये बसऱ्यात उभं राहिलं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायाची मात्र पलटणवार नुसती संख्या. २०२१ मध्ये संबंधित युद्धस्मारक आयोगाने अशा भेदभावाबद्दल माफी मागितली. स्मारक स्वतः १९९७ मध्ये सद्दाम हुसेन यांच्या हुकमाने शहराबाहेर, नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात हलवलं गेलं.

मग तेल निघालं. झुबैरचं तेल १९५१ मध्ये बाहेर जाऊ लागलं. १९५३ मध्ये रुमैला हे जगातल्या मोठ्या तेलक्षेत्रांपैकी एक क्षेत्र सापडलं. १९७० च्या दशकात परदेशी कंपन्यांकडून सगळं सरकारकडे आलं. बसऱ्याचं पालटायला हवं होतं. पालटलं ते बगदादचं. आणि १९८० मध्ये इराणशी युद्ध पेटलं. नदी म्हणजेच सरहद्द, त्यामुळे आठ वर्षं तोफा बसऱ्यावर चालल्या. नदीकाठच्या खजुराची लाखो झाडं जळाली, तुटली. १९९१ मध्ये कुवेतच्या युद्धानंतर सद्दामविरुद्धच्या उठावाची ठिणगी इथेच पडली आणि ती क्रूरपणे विझवली गेली. २००३ मध्ये ब्रिटिश फौज पुन्हा आली. त्या वाटेनं तिचं येणं नवं नव्हतं.

२०२३ मध्ये इराकने रोज तीस लाख पिंपांहून अधिक तेल निर्यात केलं, ते जवळजवळ सगळं बसऱ्याच्या समुद्रातल्या धक्क्यांवरून. सरकारी तिजोरीतल्या दर दहा रुपयांपैकी नऊ तेलाचे. एवढ्या श्रीमंत गावात उन्हाळ्यात पारा पन्नासच्या वर जातो तेव्हा वीज जाते आणि क्षितिजावर मात्र तेलाबरोबर निघणारा वायू रात्रंदिवस जळत असतो.

पण खरा घाव पाण्याचा आहे. वरच्या अंगाला तुर्कस्तानने, इराणने धरणं बांधली, पाणी वळवलं. पाऊस कमी झाला. नदीचा जोर ओसरला तसा समुद्र वर चढू लागला. जी भरती गोडं पाणी बागांत ढकलत होती, तीच आता मीठ ढकलते. त्यात शहराचं सांडपाणी नदीतच सोडलेलं. २०१८ च्या उन्हाळ्यात नळाच्या पाण्याने आजारी पडून किमान एक लाख अठरा हजार माणसांना रुग्णालय गाठावं लागलं, असं ह्यूमन राइट्स वॉचचा अहवाल सांगतो. तरुण रस्त्यावर उतरले, सरकारी कचेऱ्या जाळल्या गेल्या, गोळीबारात माणसं मेली. त्यांची मागणी साधी होती: पाणी, वीज आणि काम. २०२५ च्या उन्हाळ्यातही नदीतला खारेपणा पुन्हा भलताच वाढला.

बँकेत दागिना तारण ठेवायला आला की मूल्यांकन करणारा सराफ मोती, खडे, लाख वजा करतो आणि निव्वळ सोन्याचं वजन धरतो. बँकेचा तो नियमच आहे, कारण कर्ज बुडालं तर सोनं वितळवता येतं. बसऱ्याचं मोल जगाने याच रीतीने केलं. तेल मोजलं. नदी, बागा, सज्जे, माणसं वजा केली. बँकेला हे शोभतं. तिला तो दागिना अंगावर घालायचा नसतो. पण स्वतःच्या सरकारनेही गावाकडे तारणाच्याच नजरेने पाहिलं तर गाऱ्हाणं कुणाकडे न्यायचं?

एवढं होऊनही गाव मोडलेलं नाही. नदीकाठच्या रस्त्यावर कवी बद्र शाकिर अल-सय्याब यांचा पुतळा उभा आहे. जवळच्याच जैकूर गावचे हे कवी १९६४ मध्ये अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेले. ‘पावसाचं गाणं’ ही त्यांची कविता अरब जगात घरोघरी ठाऊक आहे. जानेवारी २०२३ मध्ये आखाती देशांची फुटबॉल स्पर्धा बसऱ्यात झाली. त्या स्टेडियमचा आकार खजुराच्या खोडासारखा आहे. अंतिम सामन्यात इराकने ओमानला ३-२ असं हरवलं. वर्षानुवर्षं सैनिकच पाहिलेल्या शहरात परदेशी पाहुणे खेळ बघायला आले, आणि गावाने त्यांना घरी नेऊन जेवू घातलं.

आता फावला, पूना डिव्हिजन उतरली त्याच टोकाला, मोठं नवं बंदर बांधलं जात आहे. तिथून तुर्कस्तानपर्यंत सुमारे बाराशे किलोमीटरचा रस्ता आणि लोहमार्ग नेण्याची, सतरा अब्ज डॉलरची योजना २०२३ मध्ये जाहीर झाली. जहाजं येतील, माल येईल, बसऱ्याचं नाव पुन्हा पेट्यांवर छापलं जाईल. चांगलंच आहे. पण या गावाची पत मोजायची असेल तर बंदरातल्या जहाजांवरून मोजू नये. एखाद्या साध्या घरात जावं, नळ सोडावा आणि पेला उजेडात धरून पाहावा. आपले जुने सराफ मोत्याचं पाहत, तसं पाणी पाहावं.