'र' नसलेले महिने

स्कँडिनेव्हियातील वसंतोत्सवांविषयी एका बालरोगतज्ज्ञाला कुतूहल वाटावे, याचे कारण मुळात वैद्यकीयच आहे. नॉर्वेतील ट्रुम्सो या शहरी नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. दक्षिणेकडील ऑस्लोतही डिसेंबरातील दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. ड जीवनसत्त्वाचा शोध लागण्यापूर्वीपासून तेथे मुलांना कॉड माशाच्या यकृताचे तेल चमच्याने पाजण्याचा प्रघात आहे. त्याचा घरगुती नियम गमतीदार आहे. ज्या महिन्याच्या नावात 'र' येतो, त्या महिन्यात तेल घ्यावे. सप्टेंबर ते एप्रिल या सर्व नावांत 'र' आहे. मे ते ऑगस्ट या चार नावांत नाही. मे उजाडला की चमचा बाजूला ठेवला जातो आणि मुले उन्हात येतात.

या प्रकाशाच्या स्वागतात मुलांना मोठा मान असतो. स्वीडनमध्ये ईस्टरच्या सुमारास मुले डोक्याला रुमाल बांधून, गाल रंगवून चेटकिणींचे सोंग घेतात आणि स्वतः काढलेली चित्रे दारोदार देऊन खाऊ मिळवितात. ३० एप्रिलच्या संध्याकाळी 'वालबोर्ग'निमित्त आपल्या होळीची आठवण व्हावी अशी अग्निकुंडे पेटतात आणि गायकवृंद वसंताची गीते गातात. आइसलँडमध्ये तर १९ ते २५ एप्रिलच्या दरम्यान येणारा गुरुवार हा 'उन्हाळ्याचा पहिला दिवस' मानून मुलांना भेटी देतात, मग बाहेर हिम का पडत असेना!

परंतु या सर्वांचा मुकुटमणी म्हणजे नॉर्वेचा १७ मे. १८१४ साली याच दिवशी आइड्सव्होल येथे नॉर्वेच्या राज्यघटनेवर स्वाक्षऱ्या झाल्या. अशा दिवशी अनेक राष्ट्रे सैन्याचे संचलन करतात. नॉर्वे शाळकरी मुलांची मिरवणूक काढते. साहित्यिक ब्यर्नस्त्येर्ने ब्यर्नसन यांच्या प्रेरणेने १८७० साली राजधानीत ही प्रथा रुजली. प्रारंभी ती केवळ मुलांची होती. मुलींना तीत स्थान मिळण्यास १८८९ साल उजाडावे लागले.

याच ब्यर्नसन यांना १९०३ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक लाभले. त्याच वर्षीचे वैद्यकशास्त्राचे नोबेल डेन्मार्कचे डॉक्टर नील्स फिन्सेन यांना मिळाले, ते त्वचेच्या क्षयावर केंद्रित प्रकाशकिरणांनी उपचार केल्याबद्दल! एकाने रुग्णाला प्रकाश दिला, दुसऱ्याने बालकांना राजरस्ता दिला. हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

ही मिरवणूक म्हणजे निव्वळ करमणूक नव्हे, हे जर्मन आधिपत्याच्या काळात दिसून आले. त्या वर्षांत १७ मेच्या सोहळ्यावर बंदी होती. १९४२ साली नाझीधार्जिण्या राजवटीने शिक्षकांवर आपली संघटना लादली, तेव्हा हजारो शिक्षकांनी तीत सामील होण्यास नकार दिला. सुमारे अकराशे शिक्षकांना अटक झाली; त्यांतील कित्येकांना दूर उत्तरेला किर्केनेस येथे सक्तमजुरीस धाडण्यात आले. ८ मे १९४५ रोजी देश मुक्त झाला आणि अवघ्या नऊ दिवसांनी १७ मेचा सोहळा पुन्हा खुलेपणाने साजरा झाला.

काही वर्षांपूर्वी हा सोहळा ऑस्लोत प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला. शाळेमागून शाळा आपापले निशाण आणि वाद्यवृंद घेऊन कार्ल योहान्स मार्गाने राजवाड्याकडे निघाली होती. सज्जात उभे राहून राजपरिवार हात हलवीत होता. एका वर्गात चाकांच्या खुर्चीवरील एक मुलगी होती. तिच्या खुर्चीच्या गतीनेच सारा वर्ग चालत होता. मागची शाळा शांतपणे थांबली होती. माझ्यातील वैद्याला त्या समाजाच्या प्रकृतीविषयी याहून अधिक तपासणीची गरज भासली नाही.

इकडे माझ्या दवाखान्यात, जेथे सूर्य बाराही महिने उदार आहे, तेथे मी ड जीवनसत्त्वाच्या अभावाची मुले पाहतो. "बाहेर कधी खेळतो?" असे विचारले की माता क्षणभर गप्प होते आणि म्हणते, "डॉक्टर, बाहेर जागा कुठे आहे?" औषधाची चिठ्ठी मी लिहून देतो. मुलांसाठी रस्ता मोकळा करण्याची चिठ्ठी मात्र आपण सर्वांनी मिळून लिहावयाची आहे.