टेनेसीतला एक रविवार

अमेरिकी विद्यापीठांत ‘अ‍ॅथलेटिक डायरेक्टर’ नावाचं पद असतं. आपल्या कॉलेजातला जिमखाना प्रमुख डोळ्यांपुढे आणू नका. फुटबॉलचा प्रशिक्षक नेमणं आणि काढणं, तिकिटं, देणग्या, टीव्हीचे पैसे हा सगळा कारभार त्याचा. टेनेसी विद्यापीठाच्या नीलँड स्टेडियममध्ये लाखाहून अधिक माणसं बसतात. त्यांतले कितीतरी माजी विद्यार्थी आणि देणगीदार, त्यामुळे त्यांच्या ओरडण्याला वजन असतं.

२६ नोव्हेंबर २०१७, रविवार. संचालक जॉन करी ग्रेग शियानो यांना प्रशिक्षक नेमत असल्याची बातमी फुटली. पेन स्टेट विद्यापीठाच्या लैंगिक अत्याचार प्रकरणातल्या एका साक्षीत शियानोंचा ऐकीव उल्लेख होता. त्यांनी तो साफ नाकारला होता. तरी चाहते आणि आमदारही भडकले, आवारातला प्रसिद्ध खडक निषेधाने रंगला आणि त्याच दिवशी करार मोडला. माझ्या मते संतापात नैतिकता होती, तशी हरणाऱ्या संघाची चीडही होती.

१ डिसेंबरला करी निलंबित झाले; पदावर येऊन जेमतेम आठ महिने झाले होते. जागी आले फिलिप फुलमर, १९९८चं राष्ट्रीय विजेतेपद जिंकून देणारे लाडके प्रशिक्षक. चाहते खूश! पण फुलमरनी नेमलेले जेरेमी प्रुइट खेळाडूभरतीतल्या गैरव्यवहारांवरून जानेवारी २०२१मध्ये काढले गेले, फुलमरही निवृत्त झाले, आणि २०२३मध्ये विद्यापीठाला ऐंशी लाख डॉलरांहून अधिक दंड झाला.