घरातील शोभेची झाडे : निवड व निगा

पुणे शहराच्या पूर्वेस, सोलापूर रस्त्यावरील उरुळी कांचनच्या परिसरात अनेक शेतकरी रोपवाटिकेचा व्यवसाय करतात. तेथील शोभेची झाडे शहरातील नागरिक हौसेने घरी नेतात. परंतु नवख्या माणसाच्या घरी यांतील बरीचशी झाडे थोड्याच महिन्यांत मरतात. 'आपल्या हाताला झाड लागत नाही' अशी समजूत करून घेऊन तो पुन्हा रोप घेत नाही. यात ग्राहकाचे व उत्पादकाचे, दोघांचेही नुकसान होते. म्हणून रोप विकणाऱ्या शेतकऱ्याने व मार्गदर्शन करणाऱ्या कार्यकर्त्याने पुढील गोष्टी ग्राहकास समजावून द्याव्यात.

झाडे का मरतात ?

घरातील झाड बहुधा पाण्याच्या अभावी मरत नाही. ते अतिपाण्याने मरते. शेतकऱ्यास वाफसा म्हणजे काय हे सांगावयास नको. जमिनीत ओलावा व हवा यांचा मेळ असेल तरच मुळे कार्यक्षम राहतात. हाच नियम कुंडीलाही लागू आहे. खोलीत उजेड कमी असल्याने पानांतून बाष्प कमी उडते व कुंडीतील ओल उशिरा हटते. अशा वेळी रोज पाणी घातल्यास मातीतील हवेची जागा पाणी घेते व मुळे कुजतात. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत, म्हणून माती ओली असतानाही पाने पिवळी पडतात व माना टाकतात. नवखा माणूस ती तहान समजून आणखी पाणी घालतो आणि झाड हातचे जाते.

झाडाची निवड

आधी जागा पाहावी व मग झाड निवडावे. खिडकीपासून जसजसे दूर जावे तसतसा उजेड झपाट्याने कमी होतो. मध्यम उजेडाच्या खोलीसाठी मनीप्लांट, स्नेक प्लांट किंवा झेडझेड प्लांट यांपासून आरंभ करावा. पूर्वेच्या खिडकीजवळ स्पायडर प्लांट व अरेका पाम चांगले वाढतात. क्रोटनच्या पानांना रंग येण्यास भरपूर प्रकाश लागतो. तुळस, गुलाब व शेवंती ही उन्हाची झाडे होत. ती खोलीत ठेवू नयेत. पश्चिमेकडील खिडकीत एप्रिल-मे महिन्यांतील उन्हाने कोवळी पाने करपतात, म्हणून तेथे पडदा असावा.

कुंडी व माती

कुंडीच्या तळाशी छिद्र असलेच पाहिजे. निव्वळ काळी माती वापरू नये. ती ओली असता चिकट होते व सुकल्यावर भेगाळते. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत व एक भाग जाड वाळू असे मिश्रण करावे. लहान रोप एकदम मोठ्या कुंडीत लावू नये, कारण जादा मातीतील ओल लवकर हटत नाही.

पाणी व इतर निगा

पाणी वारावर न देता माती पाहून द्यावे. बोट दोन ते तीन सेंटिमीटर खोल घालून पाहावे. माती कोरडी लागल्यासच तळातून पाणी निघेपर्यंत द्यावे. स्नेक प्लांट व झेडझेड प्लांटची माती जवळजवळ पूर्ण सुकू द्यावी. पुण्याच्या पावसाळी दमट हवेत दोन पाण्यांतील अंतर वाढवावे व उन्हाळ्यात ते कमी करावे. पानांवरील धूळ ओल्या फडक्याने पुसावी. पिठ्या ढेकूण दिसल्यास झाड इतरांपासून वेगळे ठेवून सौम्य साबणाच्या पाण्याने पाने व देठ पुसून घ्यावेत.

दक्षता

कुंडीखालील ताटलीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या डासांची पैदास होते. म्हणून ताटली वेळच्या वेळी रिकामी करावी आणि आठवड्यातून एकदा तरी घासून कोरडी करावी. मनीप्लांट व डिफेनबेकिया ही अळूच्या कुळातील झाडे असून, त्यांच्या पानांतील सुईसारख्या स्फटिकांमुळे तोंडाची आग होते व सूज येते. ती लहान मुलांच्या व पाळीव जनावरांच्या आवाक्याबाहेर ठेवावीत.

नवख्या माणसाने आरंभी दोन-तीनच झाडे घ्यावीत. ती एक पावसाळा व एक उन्हाळा नीट जगली, म्हणजे कुंडीतील वाफसा त्यास कळला असे समजावे. मग झाडांची संख्या वाढविण्यास हरकत नाही.