रेस्क्यू डिस्कवरचा एडिटर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सातपाटीसारख्या मच्छीमार गावात काय किंवा पालघर-बोईसरच्या पेठेत काय, लहान कार्यालयाचे, शाळेचे वा दुकानाचे दफ्तर आता बहुतांशी संगणकात गेले आहे; आणि त्यांपैकी जे संगणक लिनक्सवर चालतात, त्यांच्यावर पावसाळ्यात एक ठरावीक प्रसंग ओढवतो. रात्री वीज जाते, येते, पुन्हा जाते. सकाळी संगणक सुरू करावा तर तो नव्वद सेकंद खोळंबून 'इमर्जन्सी मोड' अशी अक्षरे दाखवतो आणि तेथेच थबकतो. कारण शोधू जाता पुष्कळदा एवढेच निघते, की हिशेबाची प्रत ठेवण्यासाठी जोडलेल्या बाहेरच्या डिस्कचा जोड खाऱ्या हवेने गंजला असून ती आता ओळखली जात नाही, आणि कोणती डिस्क कोठे जोडायची हे सांगणाऱ्या एफएसटॅब ह्या फायलीत तिची नोंद करताना, डिस्क न सापडली तरी पुढे जाण्याची 'नोफेल' ही मुभा द्यायची राहून गेली आहे. त्या ओळीच्या आरंभी एक हॅश चिन्ह घातले की दफ्तर पूर्ववत उघडते. परंतु ज्या प्रणालींत रूटचे, म्हणजे मुख्य प्रशासकाचे, खाते कुलूपबंद असते, त्यांपैकी कित्येकींत तो आपत्कालीन दरवाजाही उघडत नाही. मग पेनड्राइव्हवरील रेस्क्यू डिस्क लावणे आणि तिच्यावरील एडिटरने ते चिन्ह घालणे, हाच इलाज उरतो. अशा वेळी हाताशी कोणता एडिटर असावा, याविषयी जे समज रूढ आहेत, त्यांतील बरेचसे तपासून पाहण्याजोगे आहेत.

त्यांत सर्वांत दृढ समज असा, की ज्याची फाईल सर्वांत लहान तो एडिटर सर्वांत योग्य. या समजाचे मूळ एकेकाळच्या खऱ्या अडचणीत आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात ब्रूस पेरेन्स यांनी डेबियन ह्या लिनक्स प्रणालीसाठी बिझीबॉक्स हा अनेक आज्ञांचा एकत्रित संच रचला, तो सारी रेस्क्यू डिस्क १४४० किलोबाइटांच्या एका फ्लॉपीत बसावी म्हणून. आणि असेम्ब्ली भाषेत लिहिलेला 'ई३' हा एडिटर मोजक्या किलोबाइटांत व्हीआय, ईमॅक्स, पिको आणि वर्डस्टार या साऱ्यांच्या कळा पुरवीत असे, याचे त्या काळी अप्रूप वाटणे यथायोग्यच होते. आज साधा पेनड्राइव्हही आठ गिगाबाइटांचा असताना त्या काटकसरीचे प्रयोजन उरलेले नाही. महत्त्वाचे आहे ते दुसरेच : हा एडिटर चालू होण्यासाठी आणखी कोणाकोणावर अवलंबून आहे? नॅनो आकाराने लहान आहे. तथापि त्याला एनकर्सेस ही लायब्ररी लागते, आणि समोरचा टर्मिनल कोणत्या जातीचा आहे याची टर्मइन्फोतील नोंदही लागते. ती न मिळाली तर टर्मिनल उघडता येत नसल्याची तक्रार करून तो बंद पडतो. बिझीबॉक्समधील व्हीआय मात्र अशा नोंदीवाचून चालतो, आणि बिझीबॉक्स स्टॅटिक पद्धतीने बांधलेला असला तर त्याला कोणत्याही बाहेरच्या लायब्ररीची गरज पडत नाही.

या परावलंबित्वाचा प्रत्यय विशेषतः तेव्हा येतो, जेव्हा दुरुस्ती करणारा 'सीएचरूट' करून बिघडलेल्या प्रणालीत शिरतो. तेथे त्याने चालवलेला एडिटर हा रेस्क्यू डिस्कवरचा नसून त्या आजारी प्रणालीचाच असतो, तिच्याच लायब्ऱ्यांवर उभा असतो, आणि त्या खराब झाल्या असतील तर तोही उठत नाही. म्हणून फाईल दुरुस्त करण्यापुरते तरी आत शिरू नये. डिस्क एमएनटी ह्या फोल्डरवर माउंट करावी आणि बाहेरूनच, आपल्या भरवशाच्या एडिटरने, एमएनटीच्या पोटातील ईटीसीमधली एफएसटॅब उघडावी. घाईत पुष्कळजण नुसत्या ईटीसीमधली, म्हणजे रेस्क्यू डिस्कचीच, फाईल सुधारतात आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर बदल कोठे गेला म्हणून बुचकळ्यात पडतात.

व्हीआय सर्वत्र असतोच, हा दुसरा समज. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कली येथे लिहिलेला हा एडिटर युनिक्सच्या परंपरेत खोल रुजला आहे हे निर्विवाद. पण डेबियनचा इन्स्टॉलर दुरुस्तीच्या कामी नॅनो पुढे करतो. शिवाय व्हीआय हे नाव दिसले म्हणजे ब्राम मूलेनार यांचा, १९९१ साली प्रसिद्ध झालेला व्हिम मिळाला असे मानणे हीही भूलच होय. बिझीबॉक्सच्या व्हीआयमध्ये व्हिमची मदतपुस्तिका नसते, आणि चुकलेला बदल मागे घेण्याची सोयही बांधणाऱ्याने ठेवली असेल तरच असते. ज्याचा हात व्हिमवर वर्षानुवर्षे बसला आहे, त्याने या धाकट्या भावाशी आधी ओळख करून घ्यावी.

उलटपक्षी, नॅनो सोपा म्हणून निरुपद्रवी, असेही मानले जाते. पडद्याच्या तळाशी कळांची यादी सतत दिसत असल्याने नवख्या माणसाला तो खरोखर उपकारक आहे, आणि माझा स्वतःचा कल त्याच्याकडेच आहे. मात्र २०१९ साली आलेल्या ४.० आवृत्तीपूर्वीचा नॅनो लांब ओळीत लिहू लागताच ती आपण होऊन तोडीत असे. एफएसटॅबमध्ये किंवा कर्नलला द्यायच्या सूचनांत अशी तुटलेली ओळ म्हणजे नवा बिघाड. जुन्या रेस्क्यू डिस्कवर तो वजा-डब्ल्यू हा पर्याय देऊनच उघडावा.

'एड' या एडिटरला तर लोक पुराणवस्तू समजतात. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून ज्या १९६९ साली वीज वाहू लागली, त्याच साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी तो लिहिला. त्याला पडदा लागत नाही, टर्मिनलची जात ठाऊक असावी लागत नाही, बाणांच्या कळा चालल्या पाहिजेत अशीही अट नाही. एका आज्ञेने ओळ शोधावी, दुसरीने बदलावी, डब्ल्यूने जतन करावी आणि क्यूने बाहेर पडावे. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या पडदाविहीन यंत्राशी केवळ सीरियल केबलने बोलावे लागते, तेव्हा इतर एडिटरांचे चित्र विस्कटते आणि हा शांतपणे काम करतो. चूक झाली की तो केवळ प्रश्नचिन्ह दाखवतो, ही त्याची कठोरता खरी. पण चार आज्ञा शिकण्यास अर्धा तास पुरे होतो.

मराठी नावांच्या फायली रेस्क्यू डिस्कच्या काळ्या पडद्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्हे होऊन दिसल्या, की दफ्तर नासले अशी अनेकांची खात्री होते. वस्तुतः लिनक्सच्या साध्या कन्सोलच्या फाँटमध्ये फार तर ५१२ आकृत्या मावतात आणि देवनागरीची जोडाक्षरे जुळवण्याची सोय तेथे नाही. डिस्कवरचा मजकूर जसाच्या तसा असतो. अशा फायलींतील मजकुराला मात्र त्या पडद्यावर हात लावू नये, कारण एक देवनागरी अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचे असते, आणि जो एडिटर ते ओळखत नाही, तो त्यातला एकच बाइट खोडू शकतो.

एडिटर कोणताही निवडला, तरी फाईल उघडण्यापूर्वी तिची एक प्रत काढावी, आणि ती त्याच डिस्कवर नव्हे तर रेस्क्यू डिस्कच्या टीएमपीमध्ये, जी बहुधा रॅममध्ये असते, तेथे काढून मग पेनड्राइव्हवर उतरवावी. पुष्कळ वेळा संगणक अडण्याचे कारणच डिस्क काठोकाठ भरणे हे असते, आणि भरलेल्या डिस्कवर जतन करू गेल्यास कित्येक एडिटर जुनी फाईल आधी रिकामी करतात व नवी लिहिण्यास जागाच सापडत नाही. म्हणून जतन करण्याआधी 'डीएफ' ही आज्ञा देऊन शिल्लक जागेची खातरजमा करावी. ही सारी तालीम जून-जुलैच्या मासेमारीबंदीत, संगणक धडधाकट असतानाच, एकदा त्याच कळफलकावर आणि त्याच पडद्यावर करून ठेवावी, आणि लागणाऱ्या आज्ञा कागदावर लिहून तो पेनड्राइव्हसोबतच ठेवावा. वीज गेलेल्या दिवशी मोबाइलला रेंज असेलच असे नाही.